खोटे पकडणाऱ्या पेटीची साक्ष

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. प्रवासाच्या बॅगेएवढी, राखाडी रंगाची, दोन चकाकत्या कड्यांची. कड्या आता चकाकत नाहीत. नागपुरात लोक मला 'लबाडी पकडाची मशीन' म्हणत. मराठी वर्तमानपत्रात एकदा माझ्याविषयी छापून आले, तेव्हा त्यांनी मला 'खोटे पकडणारी पेटी' म्हटले. ही नावे मी कधी मागितली नव्हती. मी काय करते ते आधी सांगते, म्हणजे पुढची हकीगत तुम्हाला नीट कळेल.

माझ्या पोटातून तीन वस्तू बाहेर येतात. एक रबरी नळी, ती माणसाच्या छातीभोवती बांधतात. एक पट्टा, डॉक्टर रक्तदाब बघायला दंडाला गुंडाळतात तसा. आणि दोन लहान धातूच्या पट्ट्या, त्या बोटांना लावतात. छातीची नळी श्वास ओळखते, दंडाचा पट्टा रक्ताची धाव ओळखतो आणि बोटांवरच्या पट्ट्या घाम ओळखतात. वर तीन पेने आहेत. खालून कागद सरकत राहतो आणि पेने त्यावर रेघा ओढतात. माणूस शांत असला की रेघा लहानलहान लाटांसारख्या चालतात. तो हलला की त्या उसळतात. बस, एवढेच माझे काम. माणूस कशाने हलला, हे मला कधीच कळत नाही.

माझा जन्म अमेरिकेतला. बोटीने मी मुंबईला आले आणि तिथून मालगाडीने नागपूरला. मला मागवले ते शालिकराम बुराडे यांनी. ते पोलीस खात्यातून निवृत्त झालेले फौजदार. धंतोलीत त्यांनी एक खोली भाड्याने घेतली आणि दारावर 'खाजगी तपास' अशी पाटी लावली. माणूस प्रामाणिक होता, हे मी आजही म्हणेन. ते मला रोज मऊ फडक्याने पुसत, पेनांच्या निबा कोमट पाण्यात धूत, उन्हाळ्यात रबर कडक होऊ नये म्हणून नळीला टाल्कम पावडर लावत. त्यांची एकच अडचण होती. त्यांचा माझ्यावर नको तितका विश्वास होता. "माणूस फसवेल, ही नाही फसवणार," असे ते येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत आणि माझ्या झाकणावर थाप मारत.

ती थाप मला आवडायची. तुम्हालाही तुमच्या गुरुजींनी पाठीवर मारलेली थाप आवडतेच ना?

दुकानदार, गोदामवाले, कारखानदार मला बोलावू लागले. खूप वेळा असे व्हायचे की मला नुसते बघूनच चोरी करणारा रडत रडत कबुली द्यायचा. श्रेय मला मिळे. माझे नाव वाढत गेले.

आणि मग सत्त्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात सिव्हिल लाइन्समधल्या एका खाण कंपनीने मला बोलावले.

त्या कंपनीचे दिल्लीशी मोठे बोलणे चालले होते. एका खाणीसाठी किती बोली लावायची, हे मालकांनी दिल्लीच्या माणसाला फोनवर सांगितले होते. दोनच दिवसांत ती बातमी दुसऱ्या कंपनीला कळली आणि खाण हातची गेली. तेव्हा आजच्यासारखे सरळ नंबर फिरवून फोन लागत नसत. कंपनीच्या आत एक बोर्ड असे, त्यावर भोके आणि दोऱ्या असत आणि तिथे बसलेली ऑपरेटर मुलगी फोन जोडून देई. तिने मनात आणले तर तिला बोलणे ऐकू येऊ शके. या कंपनीत अशा दोन मुली होत्या. एक लतिका मुळे आणि दुसरी जया नगरारे. संशय या दोघींवर आला.

लतिका आधी बसली. तिच्या रेघा शांत चालल्या. मग जया आली.

ती चोवीस वर्षांची होती. नागपुरातल्याच इंदोऱ्याला राहणारी. वडील देवाजी सुतारकाम करत. घरात मॅट्रिक झालेली ती पहिली. फोनवर तिचा आवाज इतका स्वच्छ होता म्हणे, की दिल्लीचे साहेब तिचे नाव विचारून घेत. शालिकरामांनी तिला नळी बांधली, पट्टा गुंडाळला, बोटांना पट्ट्या लावल्या. मॅनेजरसाहेब खुर्ची ओढून मागे बसले. प्रश्न सुरू झाले.

"तुमचं नाव जया नगरारे?"

"हो."

"तुम्ही इंदोऱ्याला राहता?"

"हो."

"जात?"

"बौद्ध."

शालिकराम थांबले. चष्म्यावरून बघत म्हणाले, "ते झालं. मूळची?"

माझी तिन्ही पेने एकदम उसळली. जयाने उत्तर दिले. आवाज जराही हलला नाही. पण छातीची नळी ताणली गेली होती, बोटे ओली झाली होती आणि दंडात रक्त धावत होते. पेने अजून खाली आली नव्हती, तेवढ्यात पुढचा प्रश्न आला.

"साहेबांच्या फोनवरची बातमी तुम्ही बाहेर सांगितली?"

"नाही."

शालिकरामांनी कागद फाडून घेतला. उंच रेघेखाली लाल पेन्सिलीने खूण केली आणि मॅनेजरकडे बघून मान हलवली. ती मान हलवणे जयाने पाहिले.

"काय झालं?" तिने विचारले.

"मशीनने सांगितलं," मॅनेजर म्हणाले. "आता तुम्ही काही सांगायची गरज नाही."

"पण मी सांगतलंच नाही कोणाले! तुम्ही मले विचारा ना, मशीनले काय विचारता?"

ऑफिसात ती नेहमी पुस्तकातली मराठी बोलत असे. त्या दिवशी तिच्या तोंडी घरची बोली आली. कोणी काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या फळ्यावर कागद लागला, की जया नगरारे ही तपासणीत खोटे बोलताना आढळल्याने तिला कामावरून काढण्यात येत आहे.

पुढे तिच्या घरी आणि कोर्टात काय घडले, ते मला खूप वर्षांनी तिच्याच तोंडून कळले. गल्लीतली लहान पोरे एक नवा खेळ खेळू लागली होती. एकाने दुसऱ्याचे मनगट धरायचे, डोळे मिटायचे आणि ओरडायचे, "खोटं बोलली! खोटं बोलली!" जया दारात आली की खेळ थांबे, आणि ते थांबणे तिला खेळापेक्षा जास्त लागे. दुसऱ्या दोन ऑफिसांत ती कामासाठी गेली. एका ठिकाणी बाबूने विचारले, "ती मशीनवाली तुम्हीच का?" ती तशीच परत आली आणि शेजारणींचे ब्लाउज शिवू लागली.

तिची आई तुळसाबाई म्हणाली, "जाऊ दे वं पोरी. लोकं विसरतात."

देवाजी रंधा मारत होते. ते हात न थांबवता म्हणाले, "लोकं विसरतीन. ही विसरन का?" मग त्यांनी रंधा खाली ठेवला. "जया, तुले काय करावंसं वाटते?"

"बा, मले त्यायच्याकडून ऐकाचं आहे का मी खोटी नाही. जिथं लिहिलं तिथंच."

"मंग कोर्टात जाऊ," देवाजी म्हणाले. एवढेच. दुसऱ्या सकाळी दोघे सायकलने वकिलाकडे गेले.

मित्रांनो, खटला ही फार हळू चालणारी गोष्ट आहे. वकील मनोहरराव कामगारांचे खटले चालवत. दम्याने त्यांचा श्वास सारखा लागे, त्यामुळे ते थोडके बोलत. त्यांनी कामगार न्यायालयात दावा लावला, की जयाला नीट चौकशी न करता, एका पेटीच्या भरवशावर काढले. कंपनीने मोठा वकील दिला. तारखा पडू लागल्या. कधी न्यायाधीश रजेवर, कधी कंपनीचा वकील आजारी. जया प्रत्येक तारखेला हजर राही. पांढरे सुती पातळ, हातात शिवणकामाची पिशवी. बाकावर बसून काज-बटणे करी आणि नाव पुकारले की सुई खोचून उभी राही.

मध्येच कंपनीचा निरोप आला. राजीनामा दिला तर चांगल्या वागणुकीचा दाखला देऊ, मशीनचे नाव कुठेच निघणार नाही. मनोहरराव म्हणाले, "बेटा, वाईट नाही हे. विचार कर."

"वकीलसाहेब, राजीनामा दिला तर मी सोडून गेली असं होते. मी सोडून नाही गेली. मले काढलं."

निरोप परत गेला.

ऐंशी सालच्या हिवाळ्यात न्यायाधीशांनी हुकूम दिला, की ती पेटी कोर्टात आणा. शालिकरामांनी मला पुसले, कड्या लावल्या आणि रिक्षातून नेले. कोर्टाच्या व्हरांड्यात एका टेबलावर मला ठेवले. जया तिथेच बाकावर होती. साडेतीन वर्षांनी ती मला बघत होती. मला वाटले ती तोंड फिरवेल. ती उठून जवळ आली आणि माझ्या बंद झाकणाकडे बघत राहिली. मग मनोहररावांकडे वळून म्हणाली, "मी पुन्हा बसते हिच्यापुढं. जजसाहेबांसमोर. सगळ्यांसमोर."

मनोहररावांना खोकला आला. तो थांबेपर्यंत ती उभी राहिली.

"काहून?" ते म्हणाले. "आपला मुद्दा कायद्याचा आहे. चौकशी झाली नाही, एवढं पुरे आहे. तू बसली आणि रेघ पुन्हा वर गेली, तर सगळं जाईल आपलं."

"जाईल वर. मले माहीत आहे, जाईलच."

"मग?"

"कोणत्या प्रश्नाले जाते, ते त्यायले पाहू द्या. तेच प्रश्न, त्याच क्रमानं. मले एकएक शब्द आठवते. फोनवर बसणाऱ्या माणसाले ऐकलेलं विसरता येत नाही, वकीलसाहेब."

मनोहररावांनी माझ्या झाकणाकडे एकदा पाहिले. मग म्हणाले, "तू म्हणशील तसं."

कंपनीच्या वकिलाने खूप हरकत घेतली. कोर्ट म्हणजे प्रयोगशाळा नव्हे, असे तो म्हणाला. न्यायाधीश वयाने मोठे होते, पेन्शन जवळ आलेले. ते म्हणाले, "कंपनीने हिला याच पेटीच्या जोरावर काढलं. मग पेटी काय करते ते बघायला कंपनीची हरकत कशाला?"

जयाला बसवण्याआधी लतिकाची साक्ष झाली. ती अजून त्याच कंपनीत नोकरीला होती. मॅनेजर समोरच बसले होते. मनोहररावांनी तिला विचारले, "तुम्हाला जात विचारली होती?"

"हो. मी सांगितली."

"मग पुन्हा विचारलं? मूळची कोणती म्हणून?"

लतिका मॅनेजरकडे न बघता म्हणाली, "नाही. मला एकदाच विचारलं." जरा थांबून ती पुढे म्हणाली, "मला दोनदा विचारायचं कोणाला सुचलंही नसतं."

मग जया खुर्चीत बसली. शालिकरामांनी नळी बांधली. कोर्टात गर्दी होती. दुसऱ्या खटल्यांचे लोकही दारात येऊन उभे राहिले. देवाजी मागे भिंतीला टेकून उभे होते, टोपी हातात घेऊन.

कागद सरकू लागला.

"तुमचं नाव जया नगरारे?"

"हो."

"तुम्ही इंदोऱ्याला राहता?"

"हो."

रेघा जरा उंच, पण सारख्या चालल्या होत्या. शालिकराम पुढचा प्रश्न विचारीनात. न्यायाधीश म्हणाले, "विचारा. तेव्हा विचारला होता तसाच."

"जात?" ते हळू म्हणाले.

"बौद्ध."

"...मूळची?"

माझी पेने उसळली. सगळ्यांना दिसली. कागदाच्या कडेपर्यंत गेली आणि तिथे थरथरत राहिली. जयाने न्यायाधीशांकडे बघून उत्तर दिले. मोठ्याने, खणखणीत. आणि मग न विचारता पुढे म्हणाली, "छप्पन साली दीक्षेच्या दिवशी मी बाच्या खांद्यावर होती. तीन वर्षांची. त्या दिवशी आम्ही ते मागं टाकलं. कामावर ठेवतानाही मले कोणी हे विचारलं नव्हतं. आता पुढचा प्रश्न विचारा."

"बातमी बाहेर सांगितली?"

"नाही."

पेने अजून वरच होती.

मनोहरराव उठले. त्यांनी कागद फाडून घेतला नाही. नुसते त्या उंच रेघेवर बोट ठेवले.

"शालिकरामजी, ही रेघ कोणत्या प्रश्नाला वर गेली?"

"जातीच्या."

"जातीचं उत्तर तिनं खोटं दिलं?"

कंपनीचा वकील उभा राहिला. न्यायाधीशांनी त्याला हाताने बसवले. शालिकरामांनी चष्मा काढला. तिथे त्यांना काहीही सांगता आले असते. कोणाला माझ्यातले कळत होते? त्यांच्या एका शब्दावर त्यांचा धंदा उभा होता.

"नाही," ते म्हणाले. "खरं दिलं."

"मग रेघ काहून उडाली?"

"तिला... अपमान वाटला, राग आला असेल."

"आणि पुढचा प्रश्न तुम्ही विचारला तोवर राग उतरला होता?"

"नाही. तेव्हाही उतरला नव्हता. आताही नाही."

जयाने स्वतःच बोटांवरच्या पट्ट्या सोडवल्या आणि माझ्या पेटीत जागेवर ठेवल्या.

निकाल लागला. न्यायाधीशांनी लिहिले, की घाम आणि नाडी यांच्यावरून कोणालाही खोटे ठरवता येणार नाही, काढून टाकणे बेकायदा आहे, जयाला कामावर परत घ्यावे. कंपनी वरच्या कोर्टात गेली. तिथेही जया प्रत्येक तारखेला गेली. आणखी दोन वर्षे लोटली आणि तिथेही तीच जिंकली.

मॅनेजरने तिला बोलावून सांगितले, उद्यापासून या. जया म्हणाली, "येईन. आधी फळ्यावर लिहा." मॅनेजर म्हणाले, कोर्टाने असे काही सांगितलेले नाही. जया म्हणाली, "कोर्टानं नाही सांगितलं. मी सांगून राहिली." ती फळ्याखाली उभी राहिली. जेवणाच्या सुट्टीत तिच्या बाजूला लतिका येऊन उभी राहिली, मग हिशेब खात्यातली दोघे-तिघे, मग शिपाई नत्थूजी. संध्याकाळी कागद लागला, की जया नगरारे यांच्यावरचा आरोप निराधार होता. जयाने तो दोनदा वाचला आणि मग ती बोर्डावर जाऊन बसली.

बातमी कोणी फोडली होती? ते शेवटपर्यंत कळले नाही. मलाही ठाऊक नाही.

शालिकरामांनी पाटी उतरवली. मला त्यांनी एका कॉलेजच्या मानसशास्त्र विभागाला देऊन टाकले. सुरुवातीला मुले उत्साहाने मला उघडत. मग दुसरी, नवी यंत्रे आली. माझे रबर तडकले, शाई वाळली, मी कपाटावर गेले. कपाटावर बसून दिवस काढणे सोपे नाही, मित्रांनो. ज्याची थाप अंगावर पडायची, तो हात आठवतो.

पंच्याण्णव साली एका प्राध्यापिकेने मला खाली उतरवले आणि वर्गात ठेवले. त्या दिवशी पाहुणी म्हणून जया आली होती. केसांत थोडे पांढरे, आवाज तसाच. कंपनीच्या सगळ्या ऑपरेटर आता तिच्या हाताखाली होत्या. तिने मुलांना सगळी हकीगत सांगितली. एका मुलीने विचारले, "मॅडम, या मशीनचा तुम्हाला राग नाही येत?"

जया हसली. "हिचा काहून येईल वं? त्या खोलीत माझा राग खरा आहे, हे फक्त हिनंच लिहिलं. बाकीच्यांनी ते वाचलं नाही."

मग तिने पदराने माझे झाकण पुसले, तडकलेल्या नळीवरून हात फिरवला आणि मुलांना म्हणाली, "हिला पावडर लावत जा रे उन्हाळ्यात."

मित्रांनो, माझी तुमच्याकडे फार मोठी मागणी नाही. माझ्यासारख्या जुन्या यंत्रांना पुसा, त्यांना तेलपाणी करा, ती काय मोजतात ते शिकून घ्या. त्यांनी ओढलेली रेघ नीट बघा. पण रेघेखाली कोणाविषयी काही लिहायची वेळ आली, तर लाल पेन्सिल जरा बाजूला ठेवा. समोर बसलेल्या माणसाकडे बघा आणि त्याला विचारा, "तुला काय झालं?" तो सांगेल. मग त्याचे ऐकून घ्या, पूर्ण.

आम्हा यंत्रांना विचारता येत नाही. तुम्हाला येते.